ताऊनचे दिवस आणि भीतीचा इतिहास

आपल्या मराठीत 'हवालदिल' हा शब्द रोजच्या बोलण्यात येतो. तो फारसीतल्या 'हौल-दिल'वरून आला. हौल म्हणजे धास्ती. ती ज्याच्या दिलात शिरली तो हवालदिल. 'दहशत' हा मूळचा अरबी शब्द. भांबावून जाणे, काही सुचेनासे होणे हा त्याचा जुना अर्थ. आणि 'अफवा' म्हणजे तर अरबीत नुसती 'तोंडे'. तोंड या अर्थाच्या शब्दाचे ते अनेकवचन आहे. एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाते ती अफवा. भीतीसाठी लागणारे इतके शब्द मराठीने आणि उर्दूने एकाच घरातून घेतले आहेत. दोन्ही भाषा बोलणाऱ्यांनी ती एकत्र सोसली, म्हणून शब्दही एकत्र वापरले, असे मला वाटते.

आमच्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत राजे असतात, लढाया असतात, तह असतात. भीतीला मात्र स्वतंत्र प्रकरण नसते. पण शहरे ओस पाडणारी, कायदे करायला लावणारी, रस्ते आणि वस्त्या बदलणारी अशी ती एक मोठी शक्ती आहे. हे पाहायचे असेल तर फार लांब जायला नको. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या मुंबई-पुण्यात जावे.

मांडवीपासून सुरुवात

१८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागात विचित्र तापाचे रोगी दिसू लागले. मांडवी म्हणजे बंदराला लागून असलेली धान्याच्या वखारींची वस्ती. काखेत किंवा जांघेत गाठ यायची, ताप चढायचा आणि चार-पाच दिवसांत माणूस जायचा. हा ताऊन आहे, प्लेग आहे, हे मूळ गोव्याचे डॉक्टर अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी ओळखले आणि महापालिकेला सांगितले. हाँगकाँगमध्ये दोन वर्षांपूर्वी, १८९४ साली, ही साथ आली होती आणि तिथेच येर्सिन या शास्त्रज्ञाने तिचा जंतू शोधला होता. पण तो जंतू माणसापर्यंत पोचतो कसा, हे १८९६ साली कोणालाच ठाऊक नव्हते. पुढचा सारा गोंधळ समजून घ्यायचा तर हे लक्षात ठेवले पाहिजे. डॉक्टर, साहेब, हकीम, वैद्य आणि हमाल, सगळेच अंधारात चाचपडत होते.

शहराची वस्ती तेव्हा सुमारे साडेआठ लाख होती. १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत त्यातले जवळजवळ निम्मे लोक निघून गेले. आगगाडीने, आगबोटीने, बैलगाडीने आणि पायी. ज्या मुंबईत पोट भरायला लोक देशभरातून येत होते तीच मुंबई रिकामी झाली. गिरण्यांना कामगार मिळेनात. एका गिरणीचा माणूस नाक्यावर उभा राहून दुसऱ्या गिरणीच्या मजुराला जास्त पैशांचे आमिष दाखवी. महिन्याच्या शेवटी पगार घेणारा कामगार म्हणू लागला, आजचे पैसे आज द्या. उद्या आपण असू की नाही, गिरणी चालेल की नाही, याचा भरवसा नसलेल्या माणसाची ती मागणी होती. तिच्यात भीतीही होती आणि हिशेबही होता.

पळणाऱ्यांबरोबर रोगही गेला. पुणे, ठाणे, कराची, कच्छ, मुंबईशी ज्यांचे ज्यांचे येणे-जाणे होते तिथे तो पोचला. जीव वाचवण्यासाठी माणूस आपल्या गावी गेला आणि नकळत गाठोड्यातून मरण घेऊन गेला.

इस्पितळाचे भय

ऑक्टोबर १८९६ मध्ये महापालिकेने हुकूम काढला. रोग्याला सक्तीने इस्पितळात नेता येईल आणि घर धुऊन जंतुरहित करता येईल, असे त्यात होते. हुकूम निघाला आणि लोक रोगापेक्षा इस्पितळाला घाबरू लागले.

याला अडाणीपणा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण जरा त्या चाळीतल्या खोलीत उभे राहून पाहावे. इस्पितळात गेलेले बहुतेक लोक परत येत नव्हते. रोगच तसा होता आणि रोगी शेवटच्या घटकेला नेला जात होता. पण पाहणाऱ्याला दिसायचे एवढेच की माणूस जिवंत नेला आणि त्याची मय्यत झाल्याची खबर आली. तिथे कोणाच्या हातचे पाणी प्यावे लागेल, ही हिंदू घरातली चिंता होती. मय्यतीला गुसल मिळेल का, जनाजाची नमाज होईल का, ही मुसलमान घरातली चिंता होती. आणि मरताना उशाशी आपले कोणी असेल का, ही सगळ्यांचीच चिंता होती.

या चिंतेवर अफवांचे पीक आले. इस्पितळात माणसांना उलटे टांगून 'मोमियाई' काढतात, ही जुनी दंतकथा पुन्हा जागी झाली. त्याच सुमारास मुंबईतल्या व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला कोणीतरी डांबर फासले होते. त्याचा सूड म्हणून राणीने माणसांची काळिजे मागवली आहेत, असे लोक बोलू लागले. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजारभर गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर चाल केली. पालिका आयुक्त स्नो यांनी लगेच नियम सैल केले. कारण त्यांनाही एक भीती होती. शहराचा मैला उचलणारे हलालखोर मुंबई सोडून गेले तर शहराचे काय होईल?

सक्तीचा परिणाम असा झाला की लोक रोगी लपवू लागले. माळ्यावर, अंधाऱ्या खोलीत, शेजाऱ्याच्या घरी. लपवलेला रोगी म्हणजे उपचार नाही आणि शेजारच्यालाही सावधगिरीची संधी नाही. जी भीती माणसाला वाचवण्यासाठी आत जागी होते, तिनेच माणसाला मारले.

उर्दूतले मोठे कथाकार राजिंदर सिंग बेदी यांची 'क्वारंटीन' ही कथा वाचकांपैकी काहींनी वाचली असेल. ताऊनपेक्षा क्वारंटीनच्या धाकाने मेलेली माणसे आणि त्या नरकात न घाबरता राबणारा भागू हा सफाई कामगार तिच्यात आहेत. कादंबरी-कथेने ही गोष्ट इतिहासकारांच्या कितीतरी आधी ओळखली होती.

सरकारही घाबरले होते

आपण समजतो की भीती रयतेला वाटते आणि सरकार निर्धास्त असते. ताऊनच्या काळात सर्वांत घाबरलेला पक्ष कदाचित सरकार हाच होता. युरोपातल्या देशांनी हिंदुस्थानचा माल आणि हिंदुस्थानची जहाजे अडवण्याची भाषा सुरू केली. १८९७ च्या आरंभी व्हेनिसला त्यासाठी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. मुंबईचे बंदर बंद पडणे म्हणजे साम्राज्याच्या तिजोरीला भोक पडणे. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी घाईघाईने साथरोग कायदा झाला. कोणालाही तपासा, कोणालाही अडवा, कोणतेही घर पाडा, एवढे अधिकार त्या छोट्याशा कायद्याने दिले. त्याच महिन्यात मुंबई बंदरातून हजला जाणे बंद करण्यात आले. आयुष्यभर पैसा पैसा जमवून निघालेल्या हाजींच्या मनाचे काय झाले असेल याची आपण कल्पनाच करू शकतो.

घाबरलेले सरकार जे करते तेच या सरकारने केले. काहीतरी करत असल्याचे दाखवले. गटारांतून समुद्राचे पाणी आणि कार्बोलिक सोडले. घरांच्या भिंती चुन्याने रंगवल्या, कौले काढली, जमिनी खणल्या, गरिबाचे अंथरूण-पांघरूण जाळले. १८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने दाखवून दिले की ताऊन उंदरावरच्या पिसवांतून माणसाकडे येतो. त्याचे म्हणणे मान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली. म्हणजे ज्या दिवसांत शिपाई माणसांच्या काखा तपासत होते, त्या दिवसांत उंदीर एका घरातून दुसऱ्या घरात निवांत फिरत होते. खणलेल्या जमिनींनी आणि धुतलेल्या गटारांनी तर त्यांना जागा बदलायलाच लावले.

पुण्यात हा प्रकार टोकाला गेला. वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या प्लेग समितीने १८९७ च्या मार्चपासून गोऱ्या सैनिकांकरवी घरोघर झडत्या घेतल्या. देवघर, चूल, जनानखाना, कुठेही बूट शिरले. पंडिता रमाबाईंनी इस्पितळातल्या आणि छावणीतल्या बायकांच्या हालांबद्दल जाहीरपणे लिहिले. त्याच मार्च महिन्याच्या १० तारखेला सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करताना लागण होऊन गेल्या. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. सरकारने टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला. भीतीच्या त्या चार महिन्यांनी महाराष्ट्राच्या राजकारणाला निराळे वळण दिले, हे सर्वांना माहीत आहे.

पण त्याच काळात सावित्रीबाई आणि त्यांचे पुत्र डॉ. यशवंत रोगी उचलून आणत होते. त्यांनाही भीती वाटत असणारच. भीती सगळ्यांना सारखीच येते. ती आल्यावर माणूस काय करतो यात फरक पडतो.

मदनपुऱ्यातला दरवाजा

पुण्याचा इतिहास शाळेत शिकवला जातो. मदनपुऱ्याचा शिकवला जात नाही, म्हणून तो थोडा सविस्तर सांगते.

मुंबईतला मदनपुरा ही विणकरांची वस्ती. सरकारी कागदांत त्यांना 'जुलाहे' म्हटले आहे, ते स्वतःला मोमिन म्हणवत. उत्तरेतल्या बनारस, आझमगढ, अलाहाबादकडून हे लोक आले. १८५७ नंतरची धरपकड, दुष्काळ आणि गिरणीच्या कापडाने बुडालेला धंदा ही त्यांच्या येण्याची कारणे. याच वाटेने मालेगाव आणि भिवंडीतल्या विणकर वस्त्या वसल्या. म्हणजे या वस्त्यांचा पायाच मुळी एका जुन्या भीतीवर घातलेला होता. सरकारी शिपाई दारात उभा राहणे याचा अर्थ त्यांच्या वडीलधाऱ्यांनी एकदा पाहिलेला होता.

९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्यातल्या एका घरी तपासणी पथक आले. बारा वर्षांची मुलगी आजारी होती आणि तिला ताऊन असल्याचा संशय होता. घरच्यांनी तिला तपासू द्यायला, नेऊ द्यायला नकार दिला. गल्लीत लोक जमले. दगड आले, मग पोलिसांच्या गोळ्या आल्या. दुपारपर्यंत दंगल शहराच्या इतर भागांत पसरली आणि तिच्यात हिंदू कामगारही उतरले. इस्पितळांवर हल्ले झाले. दोन गोरे सैनिक मारले गेले. एकूण मेलेल्यांची संख्या डझनाच्या वर होती. त्यानंतर गोदीतले कामगार आणि गाडीवान यांनी काम बंद ठेवले.

मी सातवीला शिकवते. माझ्या वर्गातल्या मुली त्याच वयाच्या आहेत. त्या मुलीचे पुढे काय झाले हे पुस्तकांत कुठे दिसत नाही. तिच्या नावाने दंगल झाली, पण तिचे नावही उरले नाही. तिला बरे करायचे कसे, हा प्रश्न त्या दिवशी ना पथकाला सुचला ना जमावाला. एका बाजूला नियम होता आणि दुसऱ्या बाजूला इज्जत होती. मध्ये तापाने फणफणलेली एक पोर होती.

या दंगलीनंतर सरकार शहाणे झाले. सक्ती हळूहळू मागे घेतली. जमातींना आपापली इस्पितळे चालवण्याची मुभा आणि उत्तेजन मिळाले. पुढाऱ्यांना आणि मोहल्ल्यातल्या जाणत्यांना सोबत घेऊन तपासणी होऊ लागली. आपल्या माणसांच्या देखरेखीखाली, आपल्या रीतीने उपचार होणार म्हटल्यावर लोक रोगी आणू लागले. तेच लोक, तोच रोग आणि तोच धर्म. बदलला होता तो फक्त दारात उभा असलेला माणूस.

सुई आणि विश्वास

ओडेसाहून आलेले ज्यू शास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या छोट्या जागेत ताऊनची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. लोकांना या सुईचीही धास्ती होती. तेव्हा इस्माइली खोजांचे इमाम सुलतान मुहम्मद शाह आगाखान पुढे आले. त्यांचे वय अवघे एकोणीस-वीस. त्यांनी हाफकिन यांना कामासाठी जागा दिली, स्वतः लोकांसमोर लस टोचून घेतली आणि ती एकदाच नव्हे. त्यांच्या पाठोपाठ खोजा जमातीतल्या हजारो लोकांनी बाह्या वर केल्या. टोचून घेतलेल्यांत मरणाचे प्रमाण फार कमी राहिले. भाषण न करता हात पुढे करणारा माणूस काय करू शकतो, याचे हे उदाहरण आहे.

आणि उलटे उदाहरणही लगेच सांगायला हवे. १९०२ साली पंजाबातल्या मलकोवाल गावात एकाच बाटलीतली लस टोचलेले एकोणीस लोक धनुर्वाताने मेले. चूक गावातच, बाटली उघडताना झाली असण्याचा पुरावा होता. तरी दोष हाफकिन यांच्यावर आला, त्यांना पदावरून दूर केले गेले आणि निर्दोष ठरायला १९०७ साल उजाडले. एका बाटलीने लाखो लोकांचा विश्वास हलवला. विश्वास मिळवायला पाच वर्षे लागली होती, जायला एक दिवस पुरला. परळच्या संस्थेला १९२५ साली हाफकिन यांचे नाव देण्यात आले, पण तोवर हिंदुस्थानात ताऊनने जाणाऱ्यांची संख्या एक कोटीच्या वर गेली होती.

हजरत उमर परत का फिरले?

'मरण अल्लाहच्या हाती आहे, मग तपासणी कशाला आणि लस कशाला?' असे त्या काळी अनेक मुसलमान म्हणत. आजही म्हणणारे आहेत. त्यांनी इस्लामच्याच इतिहासातले एक पान पाहावे. हिजरी १८ च्या सुमारास, म्हणजे इसवी सन ६३९ च्या आसपास, शाम देशात अमवासचा ताऊन पसरला. खलिफा हजरत उमर तिकडे निघाले होते. सर्ग या ठिकाणी त्यांना साथीची खबर मिळाली. त्यांनी सोबतच्यांचा सल्ला घेतला आणि परत फिरण्याचे ठरवले. सेनापती हजरत अबू उबैदा यांनी विचारले, अल्लाहने ठरवलेल्या गोष्टीपासून पळून जाता का? उमर यांच्या उत्तराचा आशय असा होता की आम्ही अल्लाहच्याच एका तकदीरीकडून दुसऱ्या तकदीरीकडे जात आहोत. मग हजरत अब्दुर्रहमान बिन औफ यांनी पैगंबरांची हदीस सांगितली. ज्या मुलखात ताऊन आहे तिथे जाऊ नका आणि तुम्ही असाल तिथे तो आला तर पळून बाहेर पडू नका, असा तिचा अर्थ आहे.

या शिकवणीत दोन्ही गोष्टी आहेत. आंधळी बेफिकिरी नाही आणि घाबरून पळणेही नाही. अबू उबैदा त्याच ताऊनमध्ये आपल्या माणसांसोबत राहून गेले, तरी उमर यांना कोणी भित्रा म्हटले नाही. १८९६ ची मुंबई रिकामी होताना ही हदीस पाळली गेली असती तर निदान काही गावे तरी वाचली असती.

वारसा

भीती गेली तरी तिचे ठसे राहतात. ताऊननंतर १८९८ साली मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. दाट वस्त्या पाडून हवा येण्यासाठी रुंद रस्ते काढले गेले. सँडहर्स्ट रोड त्यातलाच. आज तिथून जाताना आपण एका जुन्या भीतीवरून चालत असतो. आणि ज्यांची घरे पडली त्यांतले पुष्कळ गरीब शेजारच्या गल्लीत अधिक दाटीने राहू लागले, हेही खरे.

सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत ताऊनची बातमी आली. पन्नासच्या आसपास माणसे मेली, पण लाखो पळाली. पळणाऱ्यांत आपल्या खानदेशातून पोटासाठी गेलेले कामगारही होते. औषधांच्या दुकानांतून टेट्रासायक्लिन गायब झाले. काही डॉक्टरांनीही शहर सोडले. मांडवीचे दृश्य जणू जसेच्या तसे पुन्हा घडले.

नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्रात शाळाशाळांतून गोवर-रुबेला लसीकरण सुरू झाले. आमच्या उर्दू शाळांच्या वस्तीत मोबाइलवर ध्वनिफिती फिरू लागल्या की या सुईने मुलांना पुढे औलाद होणार नाही. एका सकाळी अर्धा वर्ग रिकामा. आम्ही शिक्षिका घरोघर गेलो. एक आई म्हणाली, "टीचर, सुई के बाद कुछ हुआ तो हमारे दरवाजे पे कौन आएगा?" बी.एड.ला आम्हाला बालमानसशास्त्र शिकवले होते, पण या प्रश्नाचे उत्तर त्यात नव्हते. तिला विज्ञान कळत नव्हते असे नाही. नळ, रस्ता, दवाखाना, कशासाठीही जिच्या दारी कोणी येत नाही, तिच्या दारी सुई घेऊन सगळे आले, याचा तिला संशय आला होता. मी तिला माझा फोन नंबर दिला आणि म्हटले, मी येईन. दुसऱ्या दिवशी तिने दोन्ही मुले पाठवली. तिच्याबरोबर गल्लीतली आणखी चार.

मग २०२० साल आले. १८९७ चा तोच साथरोग कायदा पुन्हा लागू झाला. रस्त्यांवरून पायी गावी निघालेले मजूर आपण पाहिले. आणि भीतीची आणखी एक खोड पाहिली. तिला गुन्हेगार लागतो. मार्चच्या अखेरीस दिल्लीतल्या तबलिगी जमातच्या मेळाव्यावरून साऱ्या कौमकडे बोट दाखवले गेले. भाजीवाल्याला नाव विचारून भाजी घेतली जाऊ लागली. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जमातच्या परदेशी पाहुण्यांवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केले गेल्याचे मत नोंदवले. पण न्यायालयाचा निकाल अफवेइतक्या वेगाने पसरत नाही. त्याच दिवसांत मुंबईच्या बडा कब्रस्तानशी जोडलेल्या स्वयंसेवकांनी मुसलमानांचे दफन तर केलेच, पण ज्यांच्या प्रेताजवळ यायला नातेवाईकही धजत नव्हते अशा हिंदू मृतांना स्मशानात नेऊन अग्नीही मिळवून दिला.

एवढा इतिहास पाहिल्यावर दोन गोष्टी मला स्पष्ट दिसतात. पहिली सरकारसाठी. घाबरलेल्या माणसाला सक्तीने शहाणे करता येत नाही. त्याच्या दारी साथ येण्याआधी गेले पाहिजे, तरच साथीत तो दार उघडतो. दुसरी आपल्यासाठी. आपल्यावर अफवा पसरवली जाते तेव्हा आपल्याला दुःख होते, पण आपणही अफवा पुढे ढकलतोच. कोणी खबर घेऊन आला तर आधी शहानिशा करा, नाहीतर नकळत कोणाचे नुकसान करून पस्तावाल, असे कुरआनच्या सूरह हुजुरातमध्ये बजावले आहे. आज प्रत्येकाच्या खिशात एक तोंड आहे. ते केव्हा उघडायचे हे तरी आपल्या हाती आहे.

यंदा सातवीच्या मुलांना मी पुण्याच्या रँडबरोबर मदनपुऱ्याची ती मुलगीही शिकवणार आहे. पाठ्यपुस्तकात ती नसली तरी फळा आपलाच आहे.